नकाशात पाणी एका गावात, हिवताप दुसऱ्याच गावात. माझं काय चुकतंय?

बांधी_बोडी (गडचिरोली)

नमस्कार मंडळी. एमएस्सी भूगोल, दुसरं वर्ष. प्रकल्पाचा विषय मीच हट्टाने घेतला: धानोरा तालुक्यातल्या चार गावांभोवती हिवतापाचे डास कुठे पैदा होतात त्याचा नकाशा करायचा आणि त्यावरून कोणत्या गावाला धोका जास्त ते सांगायचं. कारण घरचंच आहे. आठवीत असताना ऐन सहामाहीत मला पीएफ (फॅल्सिपेरम जंतूचा हिवताप) झाला होता. आईने घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर टाकल्या तरी दात वाजत होते. तेव्हापासून या रोगाशी माझं जुनं भांडण आहे असं समजा.

आतापर्यंत केलं ते असं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा फुकट मिळतात. जुलै ते सप्टेंबर एकही प्रतिमा ढगाशिवाय नव्हती, म्हणून डिसेंबरची स्वच्छ प्रतिमा घेतली. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याचा निर्देशांक काढून जिथे पाणी दिसलं ते वेगळं केलं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवरून निळ्या रेघांचे नाले काढून घेतले. प्रत्येक पाणवठ्याभोवती ५०० मीटरचा पट्टा आखला. गाव पट्ट्यात आलं तर लाल, नाही तर पिवळं. वर प्राथमिक आरोग्य केंद्रातून गावनिहाय ३ वर्षांचे रुग्णांचे आकडे ठेवले (नावं घेतली नाहीत, फक्त गाव, महिना आणि पीएफ की पीव्ही, म्हणजे व्हायव्हॅक्स जंतूचा हिवताप).

आता गंमत बघा. गावांची नावं देत नाही. एक आहे तलावाचं गाव. मोठा मामा (माजी मालगुजारी) तलाव, खाली धानाच्या बांध्या म्हणजे बांध घातलेली शेतं, दोन बोड्या म्हणजे छोटी तळी. नकाशात पूर्ण लाल, पण रुग्ण अगदी थोडे. दुसरं टेकडीचं गाव. नकाशात फिक्कट पिवळं, जवळ पाणीच नाही म्हणा ना. आणि चारही गावांत सगळ्यांत जास्त पीएफ तिथेच, तेही सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये.

मार्गदर्शक सर म्हणाले, आकडे तपासून घे, खालून काहीही भरतात. माझं मन ते मानत नाही, कारण टेकडीच्या गावात माझी मावशी राहते आणि तिथे ताप असतो हे मला कोणी सांगायची गरज नाही. म्हणून विचारते:

नकाशा चुकला की आकडे? ५०० मीटर बरोबर आहे का? आणि मुख्य म्हणजे, डासांची ठिकाणं नकाशावर आणायची तर नेमकं काय शोधायचं? सबमिशन मार्चमध्ये आहे. पाऊस आत्ताच उघडलाय, म्हणजे अजून शेतावर जाऊन बघता येईल.

रास्टर_पुणे

आकड्यांवर जायच्या आधी तुझ्या पाण्याच्या थरावर बोलतो, कारण चूक तिथेच दिसतेय.

सेंटिनेल-२ चा एक चौकोन १० मीटर बाय १० मीटर. तू जर शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड पट्टा वापरणारा निर्देशांक काढला असशील तर तो पट्टा मुळात २० मीटरचा आहे. म्हणजे तुझ्या नकाशात पाणी म्हणून उमटायला निदान एखाद्या घराच्या अंगणापेक्षा मोठं पाणी लागतं, आणि वर झाड नसलेलं. तुझा तालुका जंगलाचा. झाडांच्या छताखालून वाहणारा दोन हात रुंदीचा नाला उपग्रहाला हिरवाच दिसणार. थोडक्यात, तू पाण्याचा नकाशा केला नाहीस, उघड्यावरच्या मोठ्या पाण्याचा केलास.

दुसरं, टोपोशीटवर निळ्या रेघा बारमाही पाण्याच्या असतात. पावसाळ्यापुरते वाहणारे नाले काळ्या रेघेने दाखवतात. तू काळ्या सोडल्यास. आता टेकडीच्या गावाचं शीट पुन्हा उघड आणि काळ्या रेघा मोज. माझी पैज आहे.

तिसरं, ढगांचं. पावसाळ्यात सेंटिनेल-१ घे. ते रडार आहे, ढगांतून दिसतं. रोवण्यानंतर पाणी भरलेल्या बांध्या त्यात छान काळ्या उमटतात. झाडाखालचं मात्र तेही दाखवणार नाही. त्यासाठी ३० मीटरचं उंचीचं मॉडेल घेऊन ओहोळांच्या रेघा काढ. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे उगमाकडचे छोटे ओढे वेगळे कर आणि चालायला जा. उपग्रहाने फक्त कुठे चालायचं ते कळतं.

डासांचं मला फार कळत नाही. इथे एक काका असतात, शोषनळी नावाने लिहितात. ते दिसले तर तुझं काम झालं.

शोषनळी

दिसलो. मोबाइलवर एका बोटाने टाइप करतो, चुका पोटात घाला.

बाई, मी कीटक समाहारक होतो. हे पद असतं हे पुष्कळांना माहीत नसतं. काम काय, तर पहाटे लोकांच्या घरात आणि गुरांच्या कोठ्यात शिरायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काचेची शोषनळी, भिंतीवर बसलेला मच्छर तोंडाने ओढून नळीत घ्यायचा. तासाला किती मिळाले ते लिहायचं. आणि दिवसा पाण्यातल्या अळ्या. ८४ साली लागलो, तेव्हा गडचिरोली जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती. निवृत्त होईपर्यंत हेच केलं. बायको म्हणायची, जगातले लोक मच्छर हाकलतात, माझा नवरा गोळा करून आणतो.

आता तुझं कोडं. तुझे आकडे खरे असावेत. तलाव पाहून भ्यायचं नसतं. मोठ्या तलावात लाटा असतात, मासे असतात, मध्ये अळी टिकत नाही. अळी सापडते काठाला, जिथे गवत पाण्यात उतरलेलं आहे, किंवा गुरं पाण्याला उतरतात तिथे, खुरांच्या ठशात. तुझ्या लाल रंगात तलावाचा सगळा घेर आला, खरी जागा त्यातल्या चार-पाच कोपऱ्यांची.

आपल्याकडे हिवताप नेणारे मुख्य दोन. एक क्युलिसिफेसीस. याला ऊन पडणारं, स्वच्छ, संथ पाणी आवडतं. रोवणा झाला की बांधीत पाणी आणि वर टीचभर रोप, तेव्हा याची चंगळ. धान वाढून पाण्यावर सावली पडली की हा तिथून कमी होतो. म्हणून 'भातशेती' असा एकच रंग देऊ नकोस, रोवण्यानंतरचे पहिले आठवडे वेगळे दाखव. पाऊस उघडला की हाच क्युलिसिफेसीस नाल्यातल्या वाळूत साचलेल्या डबक्यांत जातो. दुसरा फ्लुव्हिएटिलिस. याला डोंगराच्या पायथ्याचं, हळूहळू झिरपतं, वाहतं पाणी लागतं, कडेला गवत, मुळं, थोडी सावली. म्हणजे तुझं टेकडीचं गाव. पावसाळ्यात नाला दणकून वाहतो तेव्हा अळ्या धुऊन जातात. पाऊस थांबला, धार बारीक झाली, की हा वर येतो आणि हिवाळ्यापर्यंत राहतो. तुझे सप्टेंबर ते नोव्हेंबरचे रुग्ण त्याच्याशी जुळतात. पण जुळतात म्हणून तोच असं लिहू नकोस, अळ्या पाहिल्याशिवाय नाही.

एक हिशोब कर. अंड्यापासून मच्छर व्हायला आपल्या हवेत साधारण ८ ते १४ दिवस. त्याने आजारी माणसाचं रक्त प्यायलं की पीएफचा जंतू त्याच्या पोटात तयार होऊन लाळेत यायला आणखी १० ते १२ दिवस. मग तो चावला की माणसाला ताप यायला ९ ते १४ दिवस. बेरीज कर. आज दवाखान्यात आलेला ताप हा महिनाभरापूर्वीच्या पाण्याचा आहे. ऑक्टोबरच्या रुग्णाला डिसेंबरचं पाणी दाखवून काय उपयोग? आणि पीव्हीचा रुग्ण तर या हिशोबात धरूच नकोस. तो जंतू यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो, म्हणून तर त्याला प्रायमाक्विन १४ दिवस देतात. कुठल्या पाण्याचा मच्छर चावला होता ते तिथे सांगताच येत नाही. नकाशासाठी पीएफ वेगळा काढ. तू आकडे वेगळे मागितलेस ते फार बरं केलंस.

आता जे मला सांगायचंच आहे ते. रुग्णाचा ठिपका तू गावावर ठेवलास. तो तिथे झोपला होता का? सप्टेंबरपासून धान पोटरीला येतं, रानडुकरं येतात, माणूस जागलीला, म्हणजे रात्री शेत राखायला जातो. टेकडीच्या गावांची शेती गावाजवळ नसते, खाली नाल्याच्या काठाला असते. मचाणावर रात्र काढायची, अंगावर एक चादर, मच्छरदाणी घरी खुंटीला. नाल्यातून उठलेल्या मच्छराला चालून यायचीही गरज नाही, त्याच्या दारातच माणूस झोपलेला. मी एका गावात पहाटे घरोघर मच्छर शोधले, बोटावर मोजण्याइतके मिळाले, आणि त्याच आठवड्यात तिथे पीएफचे रुग्ण वाढत होते. साहेब म्हणाले, तू झोपून आलास. मग एका पोरासोबत मी त्याच्या मचाणावर रात्र काढली. रात्री दहानंतर माझ्या पोटऱ्यांनीच मला उत्तर दिलं. तेव्हापासून घराचा नकाशा काढायच्या आधी मी विचारायचो, गेल्या महिन्यात रात्री कुठे कुठे होता? जागल, मोहाच्या दिवसात जंगलात, तेंदूच्या फळीवर (पानं गोळा करतात तिथे), मासे धरायला, पाहुणा म्हणून. बायका घरी असतात असं धरून चालू नकोस, मोह वेचायला पहाटे अंधारात त्याच जातात.

म्हणून तुझ्या ५०० मीटरचं उत्तर सोपं नाही. मच्छर साधारण एक-दोन किलोमीटरपर्यंत जातो, पण जवळ रक्त मिळालं तर लांब कशाला जाईल? अंतर घरापासून मोज आणि मचाणापासूनही मोज. दोन थर ठेव.

अजून एक, पटकन. टेकडीच्या गावात आशा चांगली असेल, ताप आला की लगेच बीएस (काचेवर रक्ताचा नमुना) घेत असेल, तर रुग्ण जास्त सापडणार. तलावाच्या गावची माणसं सडकेवर आहेत, तालुक्याला खासगी डॉक्टरकडे जात असतील, ते आकड्यात येत नाहीत. दर गावात किती रक्तनमुने घेतले ते माग. वर्षाला लोकसंख्येच्या निदान १० टक्के घ्यावे असं कार्यक्रमाचं माप आहे. नमुने कमी असतील तर रुग्ण कमी याला अर्थ नाही.

गिरगाव_तिसरा_मजला

वाचतोय, मजा येतेय. पण शहरी माणसाचा बाळबोध प्रश्न: एवढं सगळं नाल्यानाल्याने शोधण्यापेक्षा सरळ धूर मारा आणि गप्पी मासे सोडा, प्रश्न मिटला. नाही का?

आमच्याकडे नकाशा आडवा नसतो, उभा असतो. मुंबईचा हिवतापाचा डास स्टिफेन्सी, त्याला गच्चीवरच्या टाक्या, विहिरी, बांधकामाचं पाणी लागतं. १९११ साली बेंटली नावाच्या डॉक्टरने मुंबईच्या हिवतापावर अहवाल लिहिला आणि बोट घरगुती विहिरींकडे दाखवलं. मग विहिरी झाकायच्या की नाही यावर शहरात धर्मासकट भांडणं झाली. माझ्या आजोबांच्या चाळीतली विहीर अशीच झाकलेली, वर लोखंडी झाकण, आम्ही त्यावर क्रिकेटचे स्टंप आखायचो. हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबुतीला सापडला आणि तिथून इथिओपियाला पोचला. म्हणजे आता तिथल्या शहरांनाही टाक्यांचा नकाशा काढावा लागणार. आपल्याकडून काय काय निर्यात होतं बघा.

शोषनळी

गिरगावकर, प्रश्न बाळबोध नाही, आमच्या अर्ध्या सभा यावरच व्हायच्या.

धुराने त्या घटकेला उडणारा मच्छर मरतो. पाण्यातली अळी तशीच राहते आणि चार दिवसांत नवी फौज उडते. धूर दिसतो म्हणून लोकांना बरं वाटतं, पुढाऱ्यालाही. मासे तुमच्या टाकीत आणि विहिरीत कामाचे, कारण तिथून ते जात नाहीत. नाल्यात सोडा, पहिल्या पुरात वैनगंगेला पोचतील. आणि गप्पी बाहेरून आलेला मासा आहे. जिथे स्थानिक डंडी-मुरी आधीच अळ्या खाते तिथे त्याला नेऊन सोडण्यात शहाणपण नाही.

अळीनाशकाचा नियम असा शिकवतात की जागा थोड्या असाव्या, कायमच्या असाव्या आणि सापडणाऱ्या असाव्या. तुमच्या मुंबईत हे तिन्ही होऊ शकतं, टाक्या मोजता येतात, म्हणून तिथे अळीचा नकाशा म्हणजे कामाची यादीच. गडचिरोलीत सप्टेंबरमध्ये जागा अगणित, दर पावसाला बदलणाऱ्या, अर्ध्या झाडाखाली. इथे नकाशाने सगळं पाणी मारायचं नाही. इथे नकाशा पाहून ठरवायचं की जागलीच्या माणसाला मच्छरदाणी मचाणावर बांधून कधी द्यायची, कुठल्या टोलीत (वस्तीत) फवारणी आधी करायची, आशाला तपासणीचे किट कुठे जास्त लागतील. तेवढं झालं तरी पुष्कळ.

फवारणीवरून आठवलं. घरात औषध मारायचं आणि आठ दिवसांत पोळा, मग बाया भिंती सारवायच्या. औषध मातीखाली. मी वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की सण पाहून तारखा लावा. उत्तर आलं नाही. बाई, तुझ्या नकाशात सारवणाची तारीख टाकता आली तर टाक, मी गंमत करत नाही.

रास्टर_पुणे

काका, 'रात्रीचा थर' ही कल्पना मला चोरावीशी वाटतेय.

@बांधी_बोडी, दोन सावधगिरीच्या गोष्टी. जिथे अळी मिळाली नाही ती जागाही नोंदव, तारखेसकट. नुसते सापडल्याचे ठिपके असले तर ते तू जिथे चाललीस त्याचा नकाशा होतो. आणि रुग्णांचे किंवा मचाणांचे नेमके ठिपके प्रकल्पात छापू नकोस. गावात पाच घरं असली की नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. छापायला मोठ्या चौकोनात गोळा करून दाखव, नेमकं ठिकाण आरोग्य केंद्रालाच दे.

बांधी_बोडी

सगळ्यांचे आभार, आणि रास्टर, तू पैज जिंकलास. टेकडीच्या गावाच्या खाली दोन काळ्या रेघा होत्या. मी त्यांना 'कोरडे नाले' म्हणून वगळलं होतं. स्वतःच्याच तालुक्यात जन्मलेली मुलगी, लाज वाटली.

गेल्या आठवड्यात मावशीकडे चार दिवस राहिले. आधी गावपाटलांकडे गेले, मग ग्रामसभेत विषय ठेवला. आमच्या भागात अनोळखी माणूस हातात जीपीएस घेऊन जंगलात फिरला तर प्रश्न येतातच, आणि यावेत. ज्या तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, तिथल्या लोकांना 'कशासाठी मोजतेस' हे विचारायचा हक्क आहेच. एका आजोबांनी माडिया बोलीत काहीतरी विचारलं, सगळे हसले. मावशीने सांगितलं, ते विचारतायत की मच्छर मोजून झाले की ही मुलगी त्यांना सातबारा देणार का.

आशाताई सोबत आल्या. अळ्या तपासायला पाणी काढायचा डिपर नव्हता. आरोग्यसेवकांनी सांगितलं की खरा डिपर ३५० मिलिलिटरचा असतो. मी मावशीचा पांढऱ्या इनॅमलचा पेला काठीला तारेने बांधला, मापाने जवळपास तेवढाच आहे. पांढरा असल्यामुळे अळ्या लगेच दिसतात. मावशीला पेला परत हवाय की नाही ते अजून कळलेलं नाही.

एकूण ३१ ठिकाणं पाहिली, प्रत्येकी १० पेले. पाण्याला समांतर, आडव्या पडलेल्या, म्हणजे हिवतापाच्या डासांच्या (ॲनोफिलिस) अळ्या ९ ठिकाणी मिळाल्या. डोकं खाली करून तिरप्या लटकणाऱ्या बाकीच्या, म्हणजे क्युलेक्स किंवा एडिस या दुसऱ्या डासांच्या, वेगळ्या लिहिल्या. त्या ९ पैकी ८ जागा काळ्या रेघेच्या नाल्यात: वाळूतली डबकी, एका उंबराच्या मुळांमागचं पाणी, दोन ठिकाणी लोकांनी पिण्यासाठी उकरलेले झिरे. नववी तलावाच्या गावात, गुरं उतरतात त्या कोपऱ्यात, काका म्हणाले तशीच. तलावाच्या बाकीच्या काठाला एकही नाही, शून्यंही लिहिली. बांध्यांमध्ये धान आता उंच झालंय, तिथे काही मिळालं नाही. जुलैमध्ये मिळालं असतं का, ते पुढच्या वर्षीच कळेल.

मग रात्रीचा थर. हे सगळ्यांत कठीण गेलं. विचारलं की माणसं घरीच झोपतो म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला, 'डुक्कर शेवटचं कधी आलं होतं?' मग जो तो आपलं मचाण हाताने दाखवायला लागला. १४ मचाणं मिळाली. ११ नाल्यापासून २०० मीटरच्या आत. आणि मच्छरदाण्या? वाटलेल्या होत्या, घरोघरी होत्या. मचाणावर एकच दिसली, तीही बोरी झाकायला.

रक्तनमुन्यांचे आकडेही घेतले. काका बरोबर आहेत, तलावाच्या गावात नमुने फारच कमी घेतले जातात. म्हणजे तिथे ताप कमी आहे असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून त्या गावाला कमी धोक्याचा पिवळा रंग न देता रेघारेघांचा 'माहिती अपुरी' असा नमुना दिलाय. सरांना तो आवडला नाही. म्हणाले, नकाशात पोकळी दिसते. मी म्हटलं, आहे.

आता अडचण. अळ्यांवरून क्युलिसिफेसीस की फ्लुव्हिएटिलिस ते मला ओळखता येत नाही. सहा अळ्या बाटलीत आणल्यात. काय करू?

शोषनळी

वा. डुकराचा प्रश्न मला तीस वर्षांत सुचला नाही.

अळीवरून नुसत्या डोळ्यांनी कोणालाच ओळखता येत नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. बाटलीत त्याच नाल्याचं पाणी असू दे, नळाचं नको. तोंडाला मच्छरदाणीचं कापड दोन पदरी, रबराने घट्ट, उन्हात ठेवू नकोस. अळी स्वल्पविरामासारखी वाकडी झाली की ती कोषात गेली. कोष काही खात नाही, दोन दिवसांत मच्छर निघतो. निघाला की लगेच मारू नकोस, पंख वाळू दे, नाही तर ओळखीच्या खुणा नीट दिसत नाहीत. मग मरू दे, कापसावर ठेवून डबीत घाल, चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ. जिल्हा हिवताप कार्यालयात घेऊन जा, भिंगाखाली पंख आणि सोंडेजवळचे स्पर्शक बघतील. भिंतीवर बसलेला पाहिलास तर अंग तिरपं, डोकं खाली, पार्श्वभाग वर. तेवढ्यावरून ॲनोफिलिस हे तुला घरीच कळेल.

त्याच्याही पुढे भानगड आहे. फ्लुव्हिएटिलिसमध्ये दिसायला एकसारख्या पण वेगळ्या जाती आहेत. एस नावाची माणसालाच चावते आणि हिवताप जोरात नेते, टी आणि यू गुरांकडे जातात. क्युलिसिफेसीसच्याही अशा पाच आहेत. ते भिंगाने कळत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. प्रकल्पात 'जात ओळखली, उपजात नाही' असं लिहून मोकळी हो.

झिऱ्यांचं मात्र आशाताईला आत्ताच सांग. लोक ते पाणी पितात, औषध टाकायचं नाही. रोज सकाळी झिरा उपसून पुन्हा भरू द्यायचा, अळीला आठवडा मिळत नाही. बाया तसंही पाणी भरायच्या आधी वरचं उपसतातच, फक्त सोडून दिलेले जुने झिरे बुजवायला सांग.

बाटली प्रवासात एसटीत वरच्या फळीवर ठेवू नकोस. माझी एकदा आरमोरीच्या अलीकडे फुटली होती, कंडक्टरने मला रस्त्यात उतरवलं.

बांधी_बोडी

काका, दोन निघाले! कपाटाच्या बाजूला बाटली होती, आत्ता पाहिलं. काचेवर अगदी तिरपे बसलेत, डोकं खाली. आई म्हणतेय ज्यांनी तुला आठवीत छळलं त्यांनाच घरात पाळतेस. सोमवारी डबी घेऊन जिल्ह्याला जाते. मांडीवर धरून.